कोहळ्याची नाडी

"माझ्या छातीत काय चाललंय ते मला कळतं, त्याला यंत्र कशाला?" असं ढुंढिराज गुरुजींनी एकदा जाहीर केलं की बनारसमधल्या दूधविनायकाच्या गल्लीत तो विषय संपायचा. निदान गुरुजींना तरी तसं वाटायचं. आवाज मोठा. संस्कृत पाठशाळेत जन्मभर पोरांकडून धातुरूपं घोकून घेतलेला माणूस, त्यामुळे पानावर बसून मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात कुणीतरी बरणीकडे हात न्यायचं. चालताना छाती पुढे. ती छाती बघून गल्लीतला सांड बाजूला होतो, असं ते स्वतः सांगत. सांडाला कुणी विचारलं नव्हतं.

पण यंत्र घरात येऊन बसलं होतं. मनगटी घड्याळासारखं, काळ्या रबरी पट्ट्याचं, पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकणारं. ते हातावर बांधलं की छातीचे ठोके मोजायचं, आणि मोजून गप्प बसेल तर शपथ, फोन जवळ नसला तरी आकडा थेट पुण्याला कळवायचं! पुण्यात गुरुजींची एकुलती एक लेक अवनी नोकरी करत होती. उन्हाळ्यात ती माहेरी आली, तेव्हा तिने बापाला घाटाच्या पायऱ्या चढताना पाहिलं. गुरुजी थोडं चढायचे, थांबायचे, आणि कमरेवर हात ठेवून समोरच्या देवळाच्या कळसाकडे भक्तिभावाने बघायचे. पुन्हा थोडं चढायचे, पुन्हा कळस.

"बाबा, हा कळस तुम्ही जन्मल्यापासून बघताय," अवनी म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने प्रकृती छान आहे, पण व्यायाम बेताने करा. गुरुजींनी वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आणि अवनीने दुसरा. भांडण तिथूनच सुरू झालं.

कारण प्रश्न जोडीचा होता. बनारसच्या आखाड्यात जोडी म्हणजे लाकडाचे दोन जाडजूड मुद्गल. एकेक असा की नवख्या माणसाने उचलायला वाकावं आणि तसंच वाकून घरी जावं. ते दोन्ही हातांत धरून खांद्यामागून आळीपाळीने फिरवायचे. नागपंचमीला आखाड्यात त्याचं प्रदर्शन असतं, गाव लोटतं, आणि मिसरूड फुटल्यापासून गुरुजींनी एकही नागपंचमी चुकवली नव्हती. पाठशाळा सुटली, शिष्य पांगले, लेक पुण्याला गेली. वर्षातून एकदा चार लोकांनी "वाह गुरू!" म्हणावं, एवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे उरली होती, आणि तीच आता एका रबरी पट्ट्याच्या हाती जाऊ बघत होती.

अवनीची अट सरळ होती. आखाड्यात घड्याळ हातावर पाहिजे. आकडा ठरल्यापेक्षा वर गेला की घड्याळ थरथरेल, तसं झालं की जोडी बंद. घड्याळ हातावरून काढलं तरी जोडी बंद. गुरुजींनी आशेने बायकोकडे पाहिलं. शरदिनीबाई गवार निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता फक्त हलवली, आणि त्या घरात त्या मानेवर अपील नव्हतं.

मग गुरुजींनी शास्त्र काढलं. पहाटे गंगास्नान, मग सोवळ्यात पूजा, मग आखाडा. त्यात हा ओवळा पट्टा हाताला कसा चालेल? निवाड्यासाठी त्यांनी नीलकंठशास्त्र्यांना बोलावलं. नीलकंठशास्त्री शेजारचेच, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचे होमहवन करणारे याज्ञिक, आणि लहानपणापासून त्याच आखाड्यातल्या मातीत गुरुजींना लोळवलेला आणि त्यांच्याकडून लोळलेला दोस्त. शास्त्रीबुवांनी पट्टा नाकाशी नेला, हुंगला, आणि गंभीरपणे सांगितलं की हे चामडं नव्हे. पूजेच्या वेळी काढावं, नंतर खुशाल घालावं, दोष नाही. जाताना ते मिशीत हसले. गुरुजींनी ते हसू मनात नोंदवून ठेवलं.

पहिल्या दिवशी गुरुजी घड्याळ बांधून आखाड्यात गेले. नमस्कार केला, माती कपाळाला लावली, जोडीकडे नुसतं पाहिलं, आणि मनगट थरथरलं. अजून हात लावला नव्हता हो! गुरुजींनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि घड्याळ काढून लंगोटाच्या पिशवीत टाकलं. संध्याकाळी अवनीचा फोन आला. घड्याळ का काढलंत, आणखी एकदा काढलंत तर नागपंचमी घरी बसून करायची, तिने बजावून सांगितलं.

गुरुजींना त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर यंत्र खोटं बोलेल याची त्यांना भीती नव्हती. ते खरं बोलेल याची होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेआधी घड्याळ काढून ठेवायचं म्हणून ते कोठीच्या खोलीत गेले. तिथे फळीवर, चुंबळीवर, एक कोहळा बसलेला होता. गौरीगणपतीला कोहळेपाक करायचा म्हणून शरदिनीबाईंनी आणून ठेवलेला, पांढरी भुकटी अंगावर बाळगून असलेला, घरातल्या कुणाहीपेक्षा शांत. गुरुजींनी घड्याळ त्याच्यावर टेकवलं आणि वळले. वळता वळता त्यांना हिरवा दिवा लुकलुकताना दिसला. त्यांनी वाकून पाहिलं.

बहात्तर.

गुरुजींनी डोळे चोळले. घड्याळ उचललं, पुन्हा ठेवलं. थोडा वेळ रेघा आल्या, मग सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. कोहळ्याला नाडी होती! आणि काय नाडी! संथ, एकसारखी, योग्याला लाजवील अशी. त्या हिरव्या दिव्याला कातडीही चालते आणि सालही चालते, हे समजायला गुरुजींना संस्कृत पुरेसं नव्हतं, पण फायदा समजायला पुरलं. त्यांनी देवघरातून पूजेचा लाल नाडा आणला, कोहळ्याची भुकटी पुसली, घड्याळ त्याच्या पोटाशी धरून नाड्याने करकचून बांधलं, वर धुतलेला पंचा पांघरला, आणि पूजा उरकून मोकळ्या हाताने आखाड्याची वाट धरली.

अवनी संध्याकाळी खुशीत होती. बाबा, इतका वेळ व्यायाम आणि नाडी एवढी कमी? गुरुजी म्हणाले, प्राणायाम. मग त्यांनी प्राणायामावर असं काही व्याख्यान दिलं की पलीकडे लेकीने फोन दुसऱ्या कानाला लावला. एकदा तिने शंका काढली की घड्याळ हालचालही मोजतं, त्यात तुम्ही हललेलेच दिसत नाही. गुरुजी म्हणाले, जोडी एका जागी उभं राहूनच फिरवतात, तुला आखाड्यातलं काय कळतंय. तिला पटलं. तिने तो आकडा कचेरीतल्या मैत्रिणींना दाखवला. त्यांतल्या एकीने गुरुजींचं मार्गदर्शन मिळेल का म्हणून विचारलं. गुरुजी थोडे आढेवेढे घेऊन तयार झाले! खोटेपणाला एकदा कौतुक मिळायला लागलं की माणसाला तो आपला गुणच वाटू लागतो, आणि गुरुजींची छाती आणखी बोटभर पुढे आली.

रोज पहाटे नाडा बांधायचा, परत आले की सोडायचा. कोहळा बिचारा तक्रार करत नव्हता.

नागपंचमी उजाडली. श्रावणातली गंगा चढलेली होती, घाटाच्या बहुतेक पायऱ्या पाण्याखाली. गुरुजींनी वरच्याच पायरीवर स्नान उरकलं, पूजा आटोपली, कोहळ्याला घड्याळ बांधून पंचा पांघरला, त्याला मनातल्या मनात नमस्कारही केला, आणि नवा लंगोट घेऊन आखाड्याकडे गेले. फोन घरीच राहिला. आखाड्यात फोन नेणं त्यांना पसंत नव्हतं.

त्याच सकाळी अमृतराव नावाच्या घाटावर नीलकंठशास्त्र्यांकडे साताऱ्याहून आलेल्या एका यजमानाचा मोठा होम होता. होमाच्या शेवटी कोहळ्याचा बळी देतात. जिवाच्या जागी कोहळा ठेवायचा, त्याला कुंकू फासायचं, त्याला जीव समजून त्याची पूजा करायची, आणि मग सुऱ्याने कापायचा. यजमानाने बाजारातून आणलेला कोहळा कठड्यावर ठेवला होता. माकडाने तो लोटून दिला आणि खाली त्याचा चेंदामेंदा झाला. मुहूर्त टळायला नको म्हणून शास्त्रीबुवांची बायको इंदू सोवळ्यातच धावत शरदिनीबाईंकडे आली. कोहळा आहे का हो?

आहे, असं म्हणत शरदिनीबाई तिला कोठीपर्यंत घेऊन गेल्या आणि दारातच थबकल्या. कोहळ्यावर धुतलेला पंचा, आणि पंच्याखालून लाल नाड्याचं टोक बाहेर आलेलं.

"अगंबाई, यांनी पूजा करून तयारच ठेवलाय की," शरदिनीबाई म्हणाल्या. "सोवळ्यातला दिसतोय. मी नुकती मोरी धुतलीय, मी काही हात लावत नाही. तूच उचल, आणि उघडू नकोस हं."

इंदूला त्यात नवल वाटलं नाही. दोन घरांतले पुरुष कधी एकमेकांना मदत करतील आणि कधी सांगायला विसरतील, याचा नेम नव्हता. तिने पंच्यासकट कोहळा कवेत घेतला आणि घाट गाठला.

होम रंगात आला होता. अग्नीच्या झळा, मंत्रांचा घोष, शंख, घंटा. कोहळा वेदीशेजारी चौरंगावर बसला, आणि घंटेच्या प्रत्येक ठोक्याला चौरंग हादरू लागला. पुण्यात अवनी कचेरीत चहा पीत होती, आणि आज बाबांचा मोठा दिवस म्हणून तिने फोन समोर ठेवला होता. बहात्तरचे नव्वद झाले. नव्वदचे एकशेवीस. शंख वाजला आणि आकड्याने अशी उडी घेतली की तिच्या हातातला कप बशीवर आपटला. तिने बाबांना फोन लावला. तो घरी देवघराच्या कोनाड्यात वाजला. नीलकंठकाकांना लावला. तो सोवळ्यामुळे पिशवीत होता. मग तिने आईला लावला आणि ती रडत काहीतरी हिंदीत आणि काहीतरी मराठीत बोलली, त्यातलं आईला एवढंच समजलं की बाबांना आखाड्यात काहीतरी होतंय.

इकडे नीलकंठशास्त्र्यांनी पंचा बाजूला केला. नाडा दिसला, पलीकडच्या अंगाला बांधलेलं घड्याळ दिसलं नाही; त्यांना बरं वाटलं. भरपूर कुंकू कालवून त्यांनी कोहळ्याला वरून फासलं, तसा आतून एक हिरवा उजेड लुकलुकल्यासारखा झाला. धुराने डोळे चुरचुरत होते, त्यांनी लक्ष दिलं नाही. कोहळ्याच्या ठायी जीव आहे असं मानून मंत्र म्हणायचा असतो. शास्त्रीबुवांनी डावा हात कोहळ्यावर ठेवला, उजव्या हातात सुरा उचलला, मंत्र म्हटला.

आणि कोहळा थरथरला!

शास्त्रीबुवांनी उभ्या आयुष्यात शेकडो कोहळे कापले होते. एकानेही कधी असं मनावर घेतलं नव्हतं. त्यांच्या तोंडातला मंत्र अर्धाच राहिला. कोहळा पुन्हा थरथरला. यजमानाच्या आईने आधी हात जोडले आणि मग थेट लोटांगण घातलं, आणि "जीव आहे हो त्यात, कापू नका!" म्हणून टाहो फोडला. शास्त्रीबुवा मागे सरले, धोतरात पाय अडकला, चौरंगाला धक्का लागला, आणि कोहळा गडगडत, थरथरत, उरलेल्या पायऱ्यांवरून उड्या घेत गंगेत गेला.

पुण्यातल्या फोनवरचा आकडा गेला आणि तिथे नुसत्या रेघा आल्या.

अवनीने पुन्हा आईला फोन लावला आणि बाबांची नाडी बंद पडली, एवढंच सांगितलं. शरदिनीबाईंनी फोन कानाशी तसाच धरला आणि निघाल्या. पायात चप्पल नव्हती. दूधविनायकापासून आखाड्यापर्यंतच्या गल्ल्यांत नागपंचमीची गर्दी होती, पण ती बाई जेव्हा आली तेव्हा मात्र सांड खरोखरच बाजूला झाला, हे पुष्कळांनी पाहिलं.

आखाड्यात गुरुजींची पाळी चालू होती. जोडी खांद्यामागून सरसर फिरत होती, माती अंगाला चिकटली होती, लोक "वाह गुरू" म्हणत होते. दम लागत होता, नाही असं नाही. पण त्या क्षणी गुरुजी सुखात होते, जगातल्या कुठल्याही माणसाइतके सुखात. आणि तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि मातीच्या कडेला त्यांची बायको उभी राहिली. त्या आखाड्यात बाईमाणूस कधी आलेलं नव्हतं.

"अहो," शरदिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही जिवंत आहात?"

गुरुजींनी जोडी खाली टेकवली. "म्हणजे काय?"

"अवनी म्हणतेय तुमची नाडी बंद पडली."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. "माझी नव्हे," ते पुटपुटले. "कोहळ्याची."

शरदिनीबाईंना वाटलं, डोक्यावरच परिणाम झालाय. पण खुलासा चालतच येत होता. ओलेचिंब नीलकंठशास्त्री, दोन्ही हातांत कोहळा. त्याच्यामागे ते पाण्यात उतरले होते, आणि नावाड्यांनी तो बांधलेल्या होड्यांच्या दोरांत अडकलेला काढून दिला होता. कुंकू धुऊन गेलं होतं आणि पोटावर घड्याळ लखलखत होतं. ज्या पट्ट्याला आपण नाकाने पास केलं तो शास्त्रीबुवांनी ओळखला नसता तरच नवल. त्यांच्या मागे साताऱ्याचे यजमान सहकुटुंब, हात जोडून.

"ढुंड्या," शास्त्रीबुवा म्हणाले, "आज तुझ्या पायी माझ्या हातून जीवहत्या व्हायची होती."

आखाडा हसून लोळला. फक्त तिघं हसत नव्हती. गुरुजी, शरदिनीबाई, आणि फोनवरची अवनी.

"बाबा, सच बताइए," फोनमधून आवाज आला. "क्यूँ किया? मी इथे मेले होते भीतीने."

गुरुजी मातीतच बसले. सबबी त्यांच्याकडे पुष्कळ होत्या, पण बायकोच्या पायाला ठेच लागून रक्त आलेलं त्यांना दिसलं आणि एकही तोंडात आली नाही. "मीही भ्यालो गं," ते म्हणाले. "त्या यंत्राने नको म्हटलं असतं तर मग मी रोज सकाळी उठून करू काय? जोडी सुटली तर मी नुसता म्हातारा."

मग अवनी नाक ओढून म्हणाली, "घड्याळ घाला. आत्ता. मी बघतेय."

गुरुजींनी घड्याळ मनगटावर बांधलं. जोडी उचलली, दोनचार फेरे घेतले, आणि मनगट थरथरलं. लोक बघत होते. गुरुजींनी जोडी हळूच खाली ठेवली. तेव्हा नीलकंठशास्त्री ओल्या धोतराने आत गेले आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली हलकी जोडी घेऊन आले. दोघांनी पोरवयात शिकायला सुरुवात केली होती ती.

"ही घे. उद्यापासून मीही हीच घेणार आहे. माझा दम तुझ्या आधी संपतो, फक्त मी कळसाकडे बघत नाही, नदीकडे बघतो."

गुरुजींनी हलकी जोडी फिरवली. मनगट गप्प राहिलं. फेऱ्यामागून फेरा, संथ, गोल, आणि आखाडा पुन्हा "वाह गुरू" म्हणाला. शरदिनीबाई पदर सावरून कडेला बसल्या होत्या. जन्म गेला ह्या जोडीच्या गोष्टी ऐकण्यात आणि मातीने माखलेले लंगोट धुण्यात, पण प्रत्यक्ष बघण्याची वेळ आज पहिल्यांदा आली होती.

गुरुजींनी जोडी ठेवली तशा त्या म्हणाल्या, "हे असं असतं होय? छान दिसतं की."

आणि घड्याळ थरथरलं!

"बाबा, पुन्हा जड जोडी उचललीत ना?" अवनी ओरडली.

"नाही गं, जोडी खाली आहे," गुरुजी म्हणाले. पुढचं लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

तो कोहळा कापायचा धीर मग कुणालाच झाला नाही. साताऱ्याच्या मंडळींनी तो मागून घेतला आणि गाडीत खिडकीजवळची जागा देऊन घरी नेला. तिथे देवघरात तो आहे म्हणतात. शरदिनीबाईंचा कोहळेपाक त्या वर्षी राहिला.

इथे खरं तर सगळं आटोपायला हवं होतं. पण दिवाळीत अवनी आली आणि बाबांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तिच्या फोनवर उन्हाळ्यापासूनचे आकडे पाहिले. अलीकडचे ठीक होते. मागचे पाहून मात्र त्यांनी चष्मा वर सरकवला.

"गुरुजी, श्रावणाच्या आधी तुमची नाडी कमालीची सुंदर होती. तेव्हा काय चालू होतं तुमचं? काही वेगळं?"

गुरुजींनी छताकडे पाहिलं. अवनीने ओठ दाबून धरले. शरदिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "कोहळा."

"वाटलंच मला," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "मग बंद का केलात? रोज सकाळी उपाशीपोटी कोहळ्याचा रस, पेलाभर. व्यायामाला जायच्या आधी. हा नेम मोडायचा नाही, नाहीतर आखाडा बंद."

खरं सांगितलं असतं तर सुटका होती. पण छाती पुढे काढून चालणाऱ्या माणसाला डॉक्टरांपुढे तसं सांगवेना. आता रोज पहाटे शरदिनीबाई कोहळा किसतात, पिळतात आणि पेला पुढे करतात. गुरुजी नाक धरून तो पितात, हलक्या जोडीकडे निघतात, आणि जाताना कोठीतल्या फळीकडे चुकूनसुद्धा बघत नाहीत.